त्रैक्याला उसने वचन नको

शेजारच्या गुरुजींच्या देव्हाऱ्यात दत्ताची तसबीर आहे. तीन शिरे, सहा हात. "तुमचं त्रैक्य म्हणजे हेच की हो," असे ते मला मायेने म्हणतात. आमच्या पाटोद्यात हा समज सर्रास आहे. पण तीन देव एकत्र येणे वेगळे आणि एकाच देवाचे पिता, पुत्र, पवित्र आत्मा असणे वेगळे.

खरा आक्षेप दुसराच आहे. 'त्रैक्य' हा शब्द बायबलात नाही, तो सिद्धांत 325 साली निकेयाच्या परिषदेने रचला, असे म्हणतात. शब्द नाही, हे कबूल. योहानाच्या पहिल्या पत्रातले 5:7 दाखवून आमचे काही लोक वेळ मारून नेतात, त्याचे मला फार वाईट वाटते. स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचा तो मजकूर जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. इरॅस्मसने ग्रीक नव्या कराराच्या 1516 च्या छापील आवृत्तीत तो घेतला नव्हता. 1522 मध्ये घेतला. अशा वचनावर श्रद्धेचा डोलारा उभा करू नये.

तशी गरजही नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रातले 8:6 उघडा. यहुदी माणूस रोज म्हणतो की, प्रभू आपला देव, प्रभू एकच. पौल स्वतः यहुदी. तो याच कबुलीतला 'देव' पित्याला देतो आणि 'प्रभू' येशूला, आणि तरीही देव एकच म्हणतो. हे पत्र निकेयाच्या सुमारे पावणेतीनशे वर्षे आधीचे आहे. मत्तयाच्या 28:19 मध्येही नावे तिघांची, पण मुळातला 'नाम' शब्द एकवचनी. परिषदेने परिभाषा घडवली. कबुली आधीची होती.

मार्क 13:32 मात्र झाकू नये. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, असे तिथे येशूच सांगतो. पुत्र खरोखर माणूस झाला, म्हणून त्याने न जाणणेही पत्करले, असे मी मानतो. पण ते वचन मला आजही थांबवते.

1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही पंडिता रमाबाई त्रैक्याच्याच प्रश्नावर अडून होत्या. चर्च सांगते म्हणून नव्हे, शास्त्रात असेल तर मानीन, असा त्यांचा पवित्रा. त्यांच्या हितचिंतकांना तो अहंकार वाटला. मला बाईंचेच बरोबर वाटते. पुढे केडगावात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि 1922 मध्ये देह ठेवण्याआधी सगळे बायबल त्यांनी मराठीत आणले.