पिंपरीपाड्याची फाईल विधानभवनात मागवा

२ जुलै २०१९ च्या पहाटेआधी मुंबईत मालाड पूर्वेच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली. ३१ माणसे गेली. भिंत महापालिकेची आणि ती का पडली हे शोधायला तज्ज्ञांची समिती नेमली, तीही महापालिकेनेच. तज्ज्ञांच्या ज्ञानाबद्दल शंका नाही. पण ज्याच्या कामाची चौकशी, त्यानेच चौकशीची कक्षा आखावी, हे न्यायाला धरून नाही.

विधिमंडळाच्या समितीला कागदपत्रे मागवता येतात, अधिकाऱ्यांची साक्ष घेता येते. भिंतीमागचे पाणी जायला भोके किती ठेवली, नकाशा कोणी मंजूर केला, शेवटचे बिल कोणाच्या सहीने निघाले, याची उत्तरे तिथे समोर बसून द्यावी लागतात. पंचायत राज समिती (पीआरसी) येणार म्हटले की जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत फायली लावतात, ती याच अधिकाराची जरब. पण या समितीची कक्षा जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांपुरती. लोकलेखा समिती चालते ती मुख्यतः कॅगच्या अहवालांवर. मालाडच्या भिंतीपर्यंत यांचा हात सहजी पोहोचत नाही. नगरसेवक जाब विचारतील म्हणावे, तर ७ मार्च २०२२ ला त्यांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मुंबईचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला.

समिती शिक्षा करू शकत नाही, शिफारस करते, हे खरे. तरी छापील अहवाल सभागृहापुढे येतो आणि शासनाला त्यावर काय केले ते सांगावे लागते. त्यासाठी समितीही स्वच्छ हवी. मे २०२५ मध्ये विधिमंडळाच्या अंदाज समितीच्या दौऱ्यावेळी धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहात १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली. ती कोणासाठी होती हे तपासाने ठरवावे. पण असा संशय राहिला तर समितीपुढे बसणारा अधिकारी घाबरेल कशाला?

कक्षेची अडचण सभागृहाने ठरवले तर सुटते. २०२१ मध्ये त्याआधीच्या सरकारच्या वृक्षलागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमली गेली होती. झाडांसाठी जे जमले ते ३१ माणसांसाठी का जमू नये? मालाड-दिंडोशीच्या आमदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून येत्या अधिवेशनात अशी समिती मागावी, आणि मालाडकरांनी त्यांच्याकडे तसे लेखी निवेदन द्यावे.