वीस झोक्यांचा हिशेब
बारावीच्या भौतिकशास्त्रात महाराष्ट्र बोर्डाचे ७० गुण लेखी परीक्षेचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे; पण या विषयाचा जीव मला त्या तिसांत दिसतो. साधा दोलकच घ्या. दोरा, त्याला टांगलेला धातूचा गोळा आणि एक स्टॉपवॉच. टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी एक मीटर धरली, झोका लहान ठेवला, की वीस आंदोलनांना साधारण ४० सेकंद लागतात आणि त्यातून गुरुत्व त्वरण निघते, सुमारे ९.८. पृथ्वीची ओढ मोजायला एवढेसे साहित्य पुरते, याने मी आजही थक्क होतो. मात्र मोजणी शून्याऐवजी ‘एक’ म्हणून सुरू केली, तर झोके प्रत्यक्षात एकोणीसच भरतात आणि उत्तर १०.९च्या आसपास जाते. आपले कुठे चुकले हे हुडकताना मूल जे शिकते, ते कुठल्याही गाइडात सापडत नाही. (गोळा जड घेतला तरी वेळ तेवढाच लागतो, हेही हातानेच पटते.) म्हणूनच मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवून घ्यायची पद्धत मला मुलांवरचा अन्याय वाटते. प्रवेश परीक्षांच्या धावपळीत प्रयोगशाळेला कुलूप लागू देऊ नका. आणि शिक्षकहो, एखाद्या मुलीचे उत्तर १०.९ आले, तर त्यावर लाल रेघ मारू नका. तिला पुन्हा एकदा झोके मोजू द्या.