टिळक घरी नव्हते तेव्हा

१९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. धुळे पश्चिम खानदेशाकडे राहिले, जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे झाले, आणि दुसऱ्याच वर्षी, १९०७ मध्ये, त्या जळगावात मराठी कवींचे पहिले संमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेल्या, पोलीस खात्यातल्या वडिलांच्या बदल्यांबरोबर नवापूर, यावल, जामनेर, एरंडोल अशी गावे पालथी घातलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटली, आणि तो 'बालकवी' झाला. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांची ही कथा आपण सर्वांनी शाळेपासून ऐकलेली आहे. नारायण वामन टिळकांनी या मुलाचे गुण ओळखले आणि पुढे अहमदनगरच्या आपल्या घरात त्याला जागा दिली, हेही बहुतेकांना ठाऊक असते.

हा धागा त्या घराविषयी आहे. ज्या घराचा दरवाजा एका परक्या, हळव्या, लहरी मुलासाठी सताड उघडला, तेच घर बारा वर्षांपूर्वी मोडून पडलेले होते. ते मोडले तेव्हा घरधनी धर्मासाठी बाहेर पडला होता, आणि मोडक्या घराचे ओझे एका सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या स्त्रीच्या आणि चार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आले होते. टिळकांवर आपण भरभरून लिहितो. या ओझ्यावर मात्र आपण हसत हसत पुढे जातो, आणि ते चूक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी घटनाक्रम पाहू. लक्ष्मीबाई मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, माहेरच्या गोखले. त्यांचे वडील सोवळ्याच्या अतिरेकापायी बाजारातून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घेणारे. लग्न झाले ते अकरा-बारा वर्षांच्या वयात, कोकणातल्या करजगावी जन्मलेल्या आणि पाय कुठेच न ठरणाऱ्या एका बुद्धिमान तरुणाशी. टिळक न सांगता घर सोडत. आज येथे शिक्षक, उद्या तेथे संपादक, परवा पत्ताच नाही. संसारात मुले झाली आणि गेलीही. १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू तेवढा हाताशी राहिला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांच्या हातात नवा करार दिला. पुढची दोन वर्षे मनाची उलघाल चालली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पत्नी तेव्हा शेजारी नव्हती. निर्णय तिला विचारून झालेला नव्हता. तो झाल्यावर तिच्यापर्यंत पोहोचली ती फक्त बातमी.

यानंतरची जवळजवळ पाच वर्षे हा या धाग्याचा खरा विषय. तो समजण्यासाठी त्या काळाच्या दोन चौकटी डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात: एक जातीची, दुसरी कायद्याची.

जातीची चौकट अशी. आज 'घटस्फोट' या शब्दाने आपल्याला न्यायालय आठवते. मूळचा घटस्फोट हा पतिताला बहिष्कृत करण्याचा विधी होता. माणूस हयात असताना त्याच्या नावाने पाण्याचा घडा लाथाडायचा, आणि तो मेला असे समजून व्यवहार तोडायचा. प्रत्येक धर्मांतरिताच्या घरी हा विधी होईच असे नाही, पण त्यामागची कल्पना सगळ्यांच्या मनात मुरलेली होती. अशा माणसाची बायको कोण? विधवा म्हणावे तर नवरा जिवंत. सवाशीण म्हणावे तर तिचा नवरा ज्ञातीच्या लेखी मेलेला. हळदीकुंकवाच्या ताटापुढे ती कुठे बसणार? कपाळावरच्या कुंकवाला अर्थ होता की नव्हता, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याखेरीज इतर सर्वांना होता.

कायद्याची चौकट त्याहून कमी माहीत असते. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. १८६६ च्या एकविसाव्या कायद्याने आणखी एक सोय केली. ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या जोडीदाराने धर्मांतराच्या कारणावरून सलग सहा महिने त्याला टाकले, तर तो न्यायालयात जाऊ शकत होता. न्यायालय जोडीदाराला विचारासाठी वर्षभराची मुदत देई, आणि तरीही नकार कायम राहिला तर विवाह विसर्जित होऊन दोघांनाही पुन्हा लग्नाची मोकळीक मिळे. कागदावर दोघांनाही. उच्चवर्णीय हिंदू कुटुंबातल्या सोडलेल्या स्त्रीला १८९५ मध्ये दुसरा नवरा कोण मिळवून देणार होते, हा प्रश्न कायदा लिहिणाऱ्यांना पडला नसावा.

टिळकांच्या पारड्यात एक गोष्ट निःसंशय टाकली पाहिजे. ही वाट मोकळी असताना त्यांनी ती धरली नाही. ते थांबले, पत्रे लिहीत राहिले, बायकोने स्वतःच्या मनाने यावे अशी वाट पाहत राहिले. त्या काळातल्या पुरुषाच्या मानाने हे थोडे नव्हते. पण थांबणे दोघांचे सारखे नव्हते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. टिळक थांबले ते नव्या श्रद्धेच्या भरात, नव्या मित्रांत, मिशनच्या कामात. लक्ष्मीबाई थांबल्या त्या नातेवाइकांच्या घरी. बहीण भिकूताई आणि मेहुणे पेंडसे यांनी पंढरपुरात त्यांना आधार दिला, जीव लावला, आणि त्यांच्यावर नजरही ठेवली. बाई दुःखाने वेडी होईल, जिवाचे काही करून घेईल, किंवा उठून नवऱ्याकडे जाईल, अशी तिन्ही भये त्या मायेत मिसळलेली होती. आश्रय आणि पहारा यांतली सीमारेषा किती पातळ असते, हे ज्यांना अभ्यासायचे आहे त्यांनी 'स्मृतिचित्रे'तला हा भाग सावकाश वाचावा.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक आपल्याकडे विनोदी संसारकथा म्हणून वाचले जाते. विसराळू, उधळा, तापट नवरा आणि त्याला पुरून उरणारी फटकळ बायको, असा त्याचा शालेय सारांश. विनोद त्यात आहे, आणि तो अव्वल आहे. पण १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे लेखन करणारी बाई साठी उलटलेली होती. नवरा जाऊन दीड दशक झाले होते. शाळेची पायरी न चढलेल्या त्या स्त्रीने जुन्या जखमेकडे इतक्या अंतरावरून पाहिले, म्हणून तिला हसता आले. ते हसू १८९५ सालचे नव्हे. स्रोत केव्हा लिहिला गेला, हा प्रश्न आपण बखरींना विचारतो, शकावल्यांना विचारतो. एका बाईच्या आत्मचरित्राला विचारायचे मात्र विसरतो.

या धाग्यावरचे अनेक वाचक धुळ्याचे आहेत, म्हणून एक अवांतर. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ लगेच १९२७ मध्ये तिथे उभे राहिले. जुन्या दप्तरांवर या माणसाने आयुष्य वेचले. पण दप्तर ठेवते कोण? देशमुख, कुलकर्णी, सरदार, मठ. नवरा परगावी असताना घरात काय घडले, याचे दप्तर कोणी ठेवत नाही. लक्ष्मीबाईंनी ते आठवणीतून ठेवले. राजवाड्यांच्या मोजमापाने तो कदाचित दुय्यम पुरावा ठरेल; माझ्या लेखी त्या पाच वर्षांचा त्याहून चांगला पुरावा संभवतच नाही.

कोणी म्हणेल, आजच्या मोजपट्टीने टिळकांना का मोजता? मुळीच मोजत नाही. बायको-मुलाला असे वाऱ्यावर सोडणे गैर आहे, असे १८९५ मधल्या त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांनाच वाटत होते. त्यासाठी एकविसावे शतक लागत नाही. शिवाय हा दोष ख्रिस्ती होण्याचाही नाही. संन्यास घेऊन, वारीला जाऊन, मोहिमेवर जाऊन परत न आलेल्या नवऱ्यांच्या बायका आपल्या इतिहासात पावलोपावली आहेत. मिशनऱ्यांच्या जगातही हीच कथा आढळते. विल्यम कॅरीबरोबर बंगालात आलेल्या डोरोथीचा लहानगा पीटर १७९४ मध्ये गेला आणि तिच्या मनाचा तोल ढळला तो १८०७ मध्ये ती मरेपर्यंत सावरला नाही. कॅरीची भाषांतरे त्याच घरात चालू होती. डेव्हिड लिव्हिंगस्टनने १८५२ मध्ये मेरीला मुलांसह ब्रिटनला धाडले आणि स्वतः आफ्रिका ओलांडायला निघाला. चार वर्षे ती हलाखीत राहिली. नकाशावर लिव्हिंगस्टनची वाट ठळक रेघेने काढलेली असते. मेरीच्या भाड्याच्या खोल्यांचा नकाशा कोणी काढलेला नाही.

लक्ष्मीबाईंची कथा त्या दोघींहून वेगळी ठरते, कारण ती परतली, आणि स्वतःच्या अटींवर परतली. नवऱ्याकडे आल्यावरही तिने आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल काही काळ वेगळीच ठेवली. ख्रिस्ती उपदेशकाच्या संसारात एक ब्राह्मणी चूल! टिळकांनी ते चालवून घेतले, हे त्यांचे मोठेपण. मग जात माणसाने केली की देवाने, या प्रश्नाशी ती स्वतःच झगडली आणि स्वतःच्या उत्तराने सोवळे सोडून मोकळी झाली. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. ते छप्पन्नच्या दुष्काळाचे दिवस. खानदेशापासून नगरपर्यंत माणसे भुकेने मरत होती आणि अनाथ मुलांचा लोंढा मिशनच्या दारांशी येत होता. परक्या मुलांना पोटाशी धरण्याचा तिचा अभ्यास तेव्हापासूनचा.

म्हणजे ठोमरे नावाचा मुलगा त्या घरात आला तेव्हा त्याला जे मिळाले, ते केवळ टिळकांच्या काव्यप्रेमातून आलेले नव्हते. टिळकांनी त्याला आणले. त्याचे रुसवे काढणे, जेवू घालणे, भांडून पुन्हा समजूत घालणे हे लक्ष्मीबाईंचे काम. 'फुलामुलांचे कवी' ही टिळकांची पदवी मी नाकारत नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा बालपणाची महत्त्वाची वर्षे त्यांच्या घराबाहेर वाढला, एवढे तिच्याशेजारी लिहून ठेवावे म्हणतो.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. पगार थांबला, पुन्हा एकदा निर्णय त्यांचा आणि झळ सर्वांची. ५ मे १९१८ रोजी जळगाव-भुसावळ मार्गावरच्या भादली स्थानकात बालकवी रेल्वेखाली सापडून गेले, वय अवघे सत्तावीस. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मागे राहिल्या. बालकवींच्या निसर्गकवितेवर जितके लिहिले गेले त्याच्या शंभरावा हिस्साही त्यांच्यावर लिहिलेला मला दिसत नाही; जळगावच्या कोणा तरुण अभ्यासकाने हे काम अंगावर घ्यावे. पुढच्या वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक वारले. वर्षभरात लक्ष्मीबाईंनी घरचा मुलगाही गमावला आणि नवराही.

या वेळचे जाणे परत न येण्याचे होते. टिळक 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य पहिल्या दहा-अकरा अध्यायांपाशी टाकून गेले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. अखेरचा अध्याय दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, जोडला. ग्रंथ छापून आला १९३८ मध्ये.