काविळीची गोष्ट लपवू नका

टीबीच्या गोळ्यांनी लिव्हरला त्रास होऊ शकतो हे पेशंटला सांगू नये, सांगितलं की तो गोळ्या सोडतो, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात डॉक्टरही असतात. त्यांची भीती खोटी नाही. अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधाला दाद न देणारा टीबी उभा राहतो. पण त्यावरचा हा तोडगा मला साफ अमान्य आहे.

पहिल्या दोन महिन्यांतल्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला बाधू शकतात. दारू, हिपॅटायटिस बी-सी, उतारवय आणि कुपोषण यांनी धोका वाढतो. आणि आपल्याकडे टीबी आणि अर्धपोट राहणं एकाच घरात नांदतात.

आता न सांगितल्याने काय होतं ते पाहा. रिफाम्पिसिनने पहिल्याच दिवसापासून लघवी नारिंगी होते. कुणी कल्पना दिली नसेल तर माणूस हबकतो, कावीळ झाली समजून पाकीट फळीवर टाकून देतो. खरी कावीळ येते तेव्हा बहुधा आधी अन्नावरची वासना उडते, मळमळतं, उलट्या होतात. डोळे मागाहून पिवळे पडतात. तेव्हा मात्र तोच माणूस ‘गोळ्या उष्ण पडल्या’ म्हणून सरबत पितो आणि गोळ्या चालूच ठेवतो. हा गोंधळ आपण गप्प बसून त्याच्या पदरात टाकलेला असतो.

१९७०च्या सुमारास वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिलवर टीबी टाळण्यासाठी २,३२१ जणांना आयसोनियाझिड दिलं गेलं. १९ जणांना यकृतदाह झाला, दोघे दगावले. पुढे १९८९ ते १९९५ या काळात सिएटलच्या सरकारी क्षयरोग दवाखान्यात ११,१४१ जणांनी तेच औषध सुरू केलं. तिथे प्रत्येकाला लक्षणं समजावली होती, ती दिसताच गोळी थांबवून कळवा असं बजावलं होतं, दर महिन्याला विचारपूस होती. यकृताला इजा झालेले निघाले ११. दोन्हीकडचे निकष तंतोतंत सारखे नव्हते, हे मान्य. शिवाय तिथे एकच औषध होतं. टीबीच्या उपचारात तर यकृताला बाधू शकणारी तीन. म्हणजे सांगण्याची गरज आपल्याला अधिकच.

दुसऱ्या टोकाची मंडळी सांगतात, गोळ्या फेका, गुळवेल घ्या. गुळवेल घेणाऱ्यांत यकृतदाह झाल्याच्या नोंदी २०२० मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी केल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद असो. पण काढ्याने किंवा काविळीच्या माळेने टीबीचा जंतू मरत नाही.

टीबीच्या गोळ्या सुरू असताना एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, थोडं वाढून आपोआप खाली येणं नेहमीचंच. ते लक्षणांसह नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा लक्षणांविना पाचपट झालं की डॉक्टर औषधं थांबवतात, यकृत सावरलं की एकेक करून परत सुरू करतात. बहुतेकांचा कोर्स असाच पुरा होतो.

म्हणून पाकीट हातात देतानाच आशाताईंनी सांगावं: लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, जेवण नकोसं झालं, उलट्या लागल्या, डोळे पिवळे दिसले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि त्या दिवशी एसजीपीटीची तपासणी तिथेच, फुकट, झाली पाहिजे.