माफीच्या साक्षीदारावर किती भिस्त ठेवायची?

राजकीय कटाचा खटला उभा राहिला की सरकारच्या बाजूने एखादा माफीचा साक्षीदार हमखास पुढे येतो. तो कटातलाच असतो, म्हणून आतली माहिती त्याच्याकडे असते. आणि कटातलाच असतो, म्हणूनच त्याला स्वतःची मान सोडवायची असते. त्याच्या शब्दाचे काय करायचे, याचा विचार दादरकरांनी तरी नीट करायला हवा, कारण या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला धागा दादरच्याच शिवाजी पार्कमधल्या सावरकरांच्या घरातून, सावरकर सदनातून, जातो.

१. दिगंबर बडगे पुण्यात ‘शस्त्रभांडार’ चालवी. गांधीहत्येच्या कटात तो सामील होता. अटकेनंतर माफी घेऊन त्याने साक्ष दिली. १४ आणि १७ जानेवारी १९४८ रोजी कटातले गोडसे आणि आपटे सावरकर सदनात गेले, असे तो म्हणाला. १७ तारखेला आपण तळमजल्यावर थांबलो होतो आणि यशस्वी होऊन या, असे सावरकर त्या दोघांना म्हणाल्याचे आपण ऐकले, असे त्याने सांगितले. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात न्यायाधीश आत्माचरण यांनी बडगेला एकूण विश्वासार्ह साक्षीदार मानले. तरीही याच खटल्यात आरोपी असलेल्या सावरकरांच्या बाबतीत त्याच्या एकट्याच्या शब्दावर निष्कर्ष काढणे सुरक्षित नाही, असे म्हणून त्यांना सोडले. दोघे शिवाजी पार्कला गेले होते, याला इतर साक्षीदारांचा आधार होता. घरात काय बोलणे झाले, याला नव्हता.

बडगे खोटारडा ठरला असे एक बाजू सांगते, न्यायालयाने डोळे मिटले असे दुसरी. निकालात यातले काहीच नाही. साक्षीदार खरा वाटला तरी दुजोरा लागतोच, एवढेच त्या न्यायाधीशाने पाळले, आणि देश हत्येने पेटलेला असताना पाळले. मला हा त्या निकालाचा मोठेपणा वाटतो.

२. दुजोरा शोधणे हे तपासाचे काम. सावरकरांचे अंगरक्षक अप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांचे जबाब मुंबई पोलिसांनी १९४८ मध्येच घेतले होते. गोडसे-आपटे यांच्या भेटींची माहिती त्यांत होती. खटल्यात मात्र हे दोघे साक्षीदार म्हणून उभे राहिले नाहीत. पुढे गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने ते जबाब वाचले आणि सावरकर व त्यांच्या गटाच्या कटाकडे बोट दाखवले. तोवर सावरकर वारले होते. ज्या जबाबांची उलटतपासणीच झाली नाही, त्यांवर आज कुणाला दोषी म्हणणेही बरोबर नाही आणि निर्दोषत्वाचा डंका पिटणेही नाही.

३. माफीची किंमत कोण मोजतो? याच खटल्यातला आरोपी शंकर किस्तय्या हा बडगेचा नोकर. मालकाने सांगितलेले काम त्याने केले. मालक माफी घेऊन सुटला, नोकराला जन्मठेप झाली. पंजाब हायकोर्टाने १९४९ मध्ये अपिलात त्याला सोडले. अपील होते म्हणून तो वाचला.

४. अपील नसले तर काय होते, हे मुंबई हायकोर्टाने १९१० मध्ये पाहिले आहे. ब्रिटिश राजवटीतला नाशिक कटाचा खटला तिथे तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठापुढे चालला. ज्युरी नव्हती, अपीलही नव्हते. लंडनहून ब्राउनिंग पिस्तुले आणणारा चतुर्भुज अमीन त्यात सरकारकडून साक्षीला उभा होता. सावरकरांना तेव्हा जन्मठेप झाली. एकाच माणसाविरुद्ध दोन राजवटींत असे साक्षीदार उभे राहिले, म्हणून दुजोऱ्याचा हा नियम कोणत्या विचाराच्या आरोपीला उपयोगी पडतो यावर तो तोलू नये.

५. कायदा आता थोडा सुधारला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १३३ सांगत असे की साथीदाराच्या साक्षीला दुजोरा नसला तरी शिक्षा बेकायदा ठरत नाही. सावधगिरी कलम ११४ च्या उदाहरणात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये दुजोरा मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख आहे. पण दुजोरा कसला? गुन्हा घडल्याचा दुजोरा पुरत नाही. प्रत्येक आरोपीचा त्या गुन्ह्याशी संबंध दाखवणारा स्वतंत्र पुरावा हवा.

६. मागणी साधी आहे. माफी का दिली, याची कारणे न्यायदंडाधिकाऱ्याने नोंदवायचीच असतात. ती थातूरमातूर नसावीत. साक्षीदाराचा प्रत्येक जबाब चित्रफितीवर घ्यावा. हाती असलेला स्वतंत्र साक्षीदार सरकारी पक्षाने न्यायालयात आणला नाही, तर त्याचे कारण लेखी द्यावे. आणि वाचकहो, आरोपी तुमच्या विचाराचा असो वा विरोधकांचा, पुढच्या खटल्यात माफीचा साक्षीदार काय म्हणाला हे वाचण्याआधी त्याला दुजोरा कुणाचा आहे, ते पाहा.