माहुलची मुले आणि नावीन्याचा भ्रम

१/ ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. दप्तराचे ओझे उतरवणारे नावीन्य म्हणून त्याचे कौतुक झाले. दोनच वर्षांनी तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून हजारो कुटुंबे माहुलला हलवली गेली. त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय झाले? #थ्रेड

२/ माहुलच्या शेजारी १९५०च्या दशकापासून तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने येथील हवा आरोग्यास धोकादायक ठरवली. तरीही लोकांना तेथेच पाठवले गेले. अनेक मुले जुन्या शाळेसाठी रोज घाटकोपर-विद्याविहार गाठत राहिली. काहींची शाळाच सुटली.

३/ महाराष्ट्राच्या २०११च्या शिक्षण हक्क नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी. पुनर्वसनाच्या हिशेबात खोल्या मोजल्या गेल्या, बाके मोजली गेली नाहीत.

४/ मग खरे नावीन्य कोणते? १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडीत मुले येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ची कल्पना तेथली.

५/ १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले. वारली मुले गुरे राखत, म्हणून कुरणशाळा निघाली. मुली धाकट्या भावंडांना सांभाळत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली.

६/ येथे कोणतेही यंत्र नव्हते. मूल गैरहजर का, हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तरानुसार शाळा बदलली.

७/ त्याहीपूर्वी, १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगासमोर हेच मर्म मांडले होते: महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती.

८/ ‘गरिबांच्या मुलांना तंत्रज्ञान नको काय?’ असा आक्षेप येईल. अवश्य हवे. परंतु वर्गात पोहोचलेल्या मुलालाच पडदा दिसतो. जो वाटेतच गळाला, त्याच्यासाठी तो पडदा म्हणजे आणखी एक भिंत.

९/ सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने माहुलच्या कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. भाडे पुढे मिळू शकते. बुडालेली इयत्ता परत मिळत नाही. म्हणून पुनर्वसनाचा पहिला नियम हा असावा: घराची चावी देण्याआधी मुलाचे नाव नव्या शाळेच्या हजेरीपटावर हवे.