चिठ्ठीवर सही कोणाची?

जिंतूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातले एखादे उपकेंद्र डोळ्यांसमोर आणा. रक्तदाब तपासणीचा दिवस आहे. पन्नाशीची एक बाई येते, बीपी १७०/१०० निघतो. चार महिने ती ॲम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी नेमाने घेते आहे. समोर बसलेली समुदाय आरोग्य अधिकारी बीएससी नर्सिंग झालेली आहे. आता काय करायचे, हे तिला पाठ असते: दुसरी गोळी जोडायची, मीठ कमी करायला सांगायचे, महिन्याने पुन्हा मोजायचे. ती गोळी कपाटात असेलही. पण ती सुरू करण्याचा निर्णय तिच्या हातात नाही. ठरलेले औषध पुढच्या महिन्यासाठी देणे एवढेच तिचे काम. बदल करायचा तर बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचे, नाहीतर ई-संजीवनीवर डॉक्टर मिळेपर्यंत बसवून ठेवायचे. कापूस वेचणीचे दिवस असतात, आरोग्य केंद्र दोन वाहने बदलून गाठायचे असते. बाई ‘उद्या जाते’ म्हणते आणि तीच जुनी गोळी घेऊन घरी जाते.

असे ‘उद्या’ साठत गेले की त्यातले काही अर्धांगवायूपर्यंत पोहोचतात. उच्च रक्तदाबाला दुखणे नसते, म्हणून त्यासाठी रोज बुडवणे कोणाला परवडत नाही. या आजारात औषध सापडत नाही अशी अडचण नसते. औषध स्वस्त आहे, परिणामकारक आहे, सरकारी पुरवठ्यात आहे. अडते ते योग्य वेळी डोस बदलण्यावर. हा बदल करण्याचा अधिकार परिचारिकेला द्यायचा की नाही, हा प्रश्न दिल्ली-मुंबईत कायद्याच्या भाषेत चर्चिला जातो. परभणी जिल्ह्यात तो अंतराचा, मजुरीचा आणि एसटीच्या वेळेचा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो? औषध नियमांनुसार अनुसूची ‘एच’मधली औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच विकायची. परिचारिका त्या व्याख्येत बसत नाही. नोंदणीशिवाय वैद्यकी केली तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात १ वर्षापर्यंत कैद आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०१९च्या याच कायद्याचे कलम ३२ मात्र दुसरीच वाट दाखवते. आधुनिक वैद्यकाशी संबंधित, पात्र व्यक्तींना ‘सामुदायिक आरोग्य सेवा पुरवठादार’ म्हणून मर्यादित परवाना देता येईल, प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेत त्यांनी ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहावीत, बाकी सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असे त्यात आहे. अशा परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नसावी, असेही बंधन आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनने ३१ जुलै २०१९ रोजी या विधेयकाविरुद्ध २४ तासांचा बंद पाळला. हे कलम त्यातला मोठा मुद्दा होता. कायदा झाला, कलम राहिले, पण परवाना कागदावरून खाली उतरला नाही.

महाराष्ट्रात तर याला एक वेगळेच वळण आहे. आयुर्वेद पदवीधरांना राज्याच्या अधिसूचनेने मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे लिहिता येतात. होमिओपॅथी पदवीधरांसाठी २०१४ मध्ये कायदा बदलून एक वर्षाच्या औषधशास्त्र अभ्यासक्रमाची वाट उघडली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये पुन्हा मोठा वाद झाला. आता उपकेंद्रातले चित्र बघा. समुदाय आरोग्य अधिकारी हे एकच पद, त्यासाठीचे सहा महिन्यांचे प्रशिक्षणही एकच. त्यावर बीएएमएस झालेला माणूस बसला तर औषध लिहिण्याला काही कायदेशीर आधार असतो. त्याच खुर्चीत चार वर्षे आधुनिक वैद्यकाच्याच चौकटीत शिकलेली, वॉर्डात रात्रपाळ्या केलेली परिचारिका बसली तर नसतो. या भेदामागे वैद्यकीय कारण शोधूनही सापडत नाही. संघटनांचे बळ आणि मंत्रालयातला इतिहास तेवढा सापडतो.

परिचारिका औषधे देत नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. आरोग्य सेविका वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या, ओआरएस, झिंक, तापाची गोळी देत आल्या आहेत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारे औषध, झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, हे त्यांच्या प्रशिक्षणातच आहे. सरकारी कार्यक्रमातली औषधे त्यांनी द्यावीत म्हणून औषध नियमांच्या अनुसूची ‘के’मध्ये विक्री परवान्यातून सूटही ठेवली आहे. म्हणजे जिथे राज्याला गरज वाटली, तिथे त्याने हळूच दार उघडले. पण ही सगळी सूट ‘औषध पुरवण्याची’ आहे, निर्णय घेण्याची नाही. निर्णय रोज घ्यावा लागतो, तो घेतलाही जातो, आणि त्याची नोंद कोणा दुसऱ्याच्या नावावर होते. चूक झाली तर जबाबदार कोण, हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

‘कमी शिकलेल्यांच्या हाती औषध’ या भीतीला महाराष्ट्राने स्वतःच दोनदा उत्तर दिले आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने पुढचे पाऊल टाकले. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बालकांचा न्यूमोनिया ओळखायचा आणि को-ट्रायमोक्साझोल द्यायचे, याचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. मग नवजात बाळाच्या घरगुती काळजीचा प्रयोग झाला. त्यात गावातल्या बाईने जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे, हेही होते. १९९९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्या इंजेक्शनवरून डॉक्टरमंडळींनी किती नाके मुरडली, ते आता कोणी बोलत नाही. २०१४ मध्ये केंद्र सरकारनेच विशिष्ट परिस्थितीत आरोग्य सेविकेला तान्ह्या बाळासाठी जेंटामायसिन वापरण्याची मुभा देणाऱ्या सूचना काढल्या. मधली पंधरा वर्षे कोणत्या बाळांच्या वाट्याला आली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

परदेशातली वाटही सरळ नव्हती. ब्रिटनमध्ये गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका जखमेची पट्टी, मलम स्वतः ठरवत आणि मग डॉक्टरांच्या सहीसाठी दवाखान्याबाहेर ताटकळत. हा वेळेचा आणि इभ्रतीचा अपव्यय १९८६ च्या कंबरलेज अहवालाने मांडला. १९९२ मध्ये कायदा झाला, सुरुवात छोट्या यादीने झाली, आणि २००६ पर्यंत जास्तीचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना आपल्या कौशल्याच्या कक्षेतली जवळपास सर्व औषधे लिहिता येऊ लागली. म्हणजे कायद्यापासून पूर्ण अधिकारापर्यंत १४ वर्षे, टप्प्याटप्प्याने. आपल्या स्थितीशी जास्त जुळणारे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तिथे एचआयव्हीचे रुग्ण अफाट आणि डॉक्टर मोजके. फ्री स्टेट प्रांतातल्या दवाखान्यांत परिचारिकांनी औषधोपचार सुरू करायचे आणि पुढे चालवायचे, असा नियंत्रित प्रयोग झाला. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: मृत्यू वाढले नाहीत, आणि विषाणू आटोक्यात ठेवण्यातही परिचारिका कमी पडल्या नाहीत.

विरोधकांकडे मात्र एक दणकट पुरावा आहे, आणि तो बाजूला सारता येणार नाही. छत्तीसगडने २००१ मध्ये ग्रामीण वैद्यकीय सहाय्यकांचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. विरोधामुळे तो पुढे बंद पडला. त्यातून बाहेर पडलेल्यांची तुलना पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाच्या अभ्यासकांनी एमबीबीएस डॉक्टर, आयुष डॉक्टर आणि डॉक्टरविना आरोग्य केंद्र सांभाळणाऱ्या परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांशी केली. प्राथमिक उपचारांत ते सहाय्यक एमबीबीएसच्या बरोबरीने उतरले, आयुष डॉक्टर थोडे खाली, आणि परिचारिका-कर्मचारी सर्वांत खाली. याचा अर्थ काय लावायचा? परिचारिकेला जमत नाही, असा अर्थ सोयीचा आहे. पण त्या परिचारिकांना त्या कामासाठी कोणी शिकवलेच नव्हते. ज्यांना नेमके तेच शिकवले, ते डॉक्टरांच्या तोडीस तोड निघाले. नुसता अधिकार देऊन प्रशिक्षणात हात आखडला तर काय होईल, हेही याच अभ्यासाने सांगून ठेवले आहे. सहा महिन्यांचे प्रशिक्षण, त्यातले बरेचसे फॉर्म आणि अॅप भरण्यात गेलेले, तेवढ्यावर सरसकट परवाना देणे धोक्याचेच ठरेल.

दुसरा आक्षेप प्रतिजैविकांचा. आधीच गावोगाव कोणीही उठून ‘स्ट्राँग गोळी’ देतो, त्यात परिचारिकांची भर कशाला? इथे पश्चिम बंगालमधला एक अभ्यास उपयोगी पडतो. पदवी नसलेल्या गावठी डॉक्टरांना काही महिने प्रशिक्षण दिले, तर त्यांचे निदान-उपचार सुधारले, पण अनावश्यक औषधे कमी झाली नाहीत. २०१६ मध्ये हे ‘सायन्स’मध्ये छापून आले. कारण उघड आहे: औषध विकून ज्याचे घर चालते, त्याला ‘गोळीची गरज नाही’ म्हणणे परवडत नाही. उपकेंद्रातल्या परिचारिकेला एका गोळीमागे एक पैसाही मिळत नाही. आणि ती बाई ‘उद्या जाते’ म्हणून निघाली, तर ती जाते कुठे? बऱ्याचदा चौकातल्या मेडिकलवर. तिथे काउंटरमागचा पोरगा चिठ्ठी न मागता जे देतो, त्यावर एवढा गदारोळ होत नाही.

म्हणून अधिकार द्यावा, पण अरुंद. रक्तदाब आणि मधुमेहापासून सुरुवात करावी. राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा या जिल्ह्यांत पायरीपायरीची उपचारपद्धती आणून ठेवली आहे: कोणता आकडा आला की कोणती गोळी, किती, आणि कोणत्या आकड्याला थेट रुग्णालय. ती परभणीतल्या प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लावता येईल. निदान डॉक्टरांनी पक्के केले की पुढच्या दोन पायऱ्या परिचारिकेने स्वतःच्या सहीने चढाव्यात. गरोदर बाई, मूत्रपिंडाचा आजार, छातीत दुखणे, धाप लागणे, १८०/११० च्या वरचा आकडा, यात हात न लावता पाठवावे. अनुसूची ‘एच-१’मधली प्रतिजैविके, झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइड यादीबाहेर. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमावर आणखी किमान तेवढाच काळ, तोही रुग्णांसमोर बसून. परभणीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आता उभे राहते आहे. तिथल्या औषधवैद्यक विभागाने हे प्रशिक्षण आणि दर महिन्याला काही चिठ्ठ्यांची तपासणी अंगावर घेतली, तर ‘देखरेख’ या शब्दाला काही अर्थ येईल.

सही तिची असली पाहिजे, हा आग्रह मानापमानाचा नाही. स्वतःच्या नावाने लिहिणारी व्यक्ती दोनदा विचार करते, आणि तिच्या चिठ्ठ्या नंतर तपासता येतात. आज डॉक्टरांच्या नावावर जे निघते, त्यात कोणाचा निर्णय चुकला हे कळायला मार्ग नाही. मात्र सहीबरोबर संरक्षणही हवे. ही मंडळी राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी आहेत. नियमाप्रमाणे उपचार करूनही रुग्ण दगावला, तर गावकऱ्यांच्या आणि पोलिसांच्या पुढे कंत्राटी परिचारिकेला एकटी सोडायचे असेल, तर तिने हा अधिकार नाकारलेलाच बरा. परिचारिकांच्या संघटनांनी याचा आधी आग्रह धरावा, पदनामाचा नंतर.

डॉक्टरांची एक शंका मात्र शंभर टक्के खरी आहे. असा अधिकार दिला की सरकार आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या जागा भरायचे विसरते. ‘सिस्टर आहेत ना’ हे उत्तर तयार होते. म्हणून ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम वैद्यकीय अधिकारी नाही, त्याच्या उपकेंद्रांना हा अधिकार देऊच नये, असा नियम असावा. कठोर वाटेल, पण देखरेख करणाराच नसेल तर परवाना मर्यादित राहत नाही.

गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात. त्यातल्या रक्तदाबाच्या रुग्णाला आज एका महिन्याची गोळी मिळते आणि तो पाच महिन्यांसाठी जातो. निघण्याआधी बीपी मोजून पूर्ण हंगामाची औषधे आणि डोस लिहिलेले कार्ड उपकेंद्रातूनच हातात देण्याचा अधिकार, एवढी एकच गोष्ट येत्या हंगामापूर्वी करता येईल. त्यासाठी कलम ३२ ची वाट बघायची गरज नाही. डॉक्टरांनी आधी ठरवलेली औषधेच जास्त दिवसांसाठी द्यायची आहेत. आरोग्य विभागाचे एक परिपत्रक आणि उपकेंद्राच्या कपाटात पुरेशा गोळ्या, एवढ्यावर ते सुरू होऊ शकते.